बिऱ्हाड कोठे करावे?



इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि तह यांचीच आठवण व्हावी, अशी आपणां सर्वांना सवय लागली आहे. आज आम्ही ज्या इतिहासाविषयी बोलणार आहोत, त्याची साधने बखरींपेक्षा भाड्याच्या पावत्यांत अधिक सापडतील. गाव सोडून मोठ्या शहरी गेलेल्या माणसाने पहिले बिऱ्हाड कोठे केले, आणि तेथेच का केले, हा आमचा विषय आहे. पाचोडसारख्या गावी हा विषय काढण्यास कारण आहे. मोसंबीच्या बाजारासाठी नाव मिळविलेले हे गाव धुळे–सोलापूर हमरस्त्यावर आहे, आणि त्या रस्त्याने मोसंबीबरोबर तरुण माणसेही बाहेर जातात. कोणी छत्रपती संभाजीनगरला, कोणी पुण्याला, कोणी मुंबईला. ज्या घरात असा मुलगा किंवा मुलगी आहे, त्या घरात जून महिना आला की एकच प्रश्न असतो : खोली कोठे बघावयाची? प्रश्न घरगुती खरा. पण त्याला शेकडो वर्षांची परंपरा आहे.

पहिला दाखला आपल्या जिल्ह्याच्याच शहराचा घेऊ. १६१० साली मलिक अंबराने खडकी वसविली, तेव्हा त्याने नुसत्या हवेल्या बांधल्या नाहीत. डोंगराकडचे पाणी जमिनीखालच्या नहरीने गावात आणले. पाणी ज्या बाजूने फिरले, त्या बाजूला वस्ती वाढली. पुढे १६५३ मध्ये औरंगजेब दुसऱ्यांदा दख्खनचा सुभेदार होऊन आला आणि खडकीचे औरंगाबाद झाले. मोगलांबरोबर आलेल्या सरदारांनी तटाबाहेर आपापले पुरे वसविले. जयसिंगपुरा, करणपुरा, पदमपुरा ही नावे आजही लोकांच्या तोंडी आहेत. पैकी करणपुरा आणि पदमपुरा ही दोन बिकानेरच्या करणसिंह आणि पदमसिंह यांची. सरदाराबरोबर आलेल्या शिपायाला वा कारकुनाला राहावयाचे कोठे, हा विचार करावा लागत नसे. धन्याचा पुरा तोच त्याचा पत्ता. म्हणजे त्या काळी वस्ती ठरविणाऱ्या गोष्टी दोन : पाणी आणि आश्रय. आश्रय हलला की वस्तीही ओस पडे. निजामाची राजधानी १७६३ मध्ये हैदराबादेस गेली, आणि या शहराची कळा उतरली, ती १९०० साली आगगाडी येईपर्यंत फारशी सावरली नाही.

आश्रयाची जागा पुढे नोकरीने घेतली. याचा सर्वांत मोठा दाखला मुंबईचा. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये कापड गिरणीची कंपनी काढली आणि १८५६ मध्ये ताडदेवला ती गिरणी सुरू झाली. पुढील पन्नास वर्षांत परळ, लालबाग, भायखळा, शिवडी या बाजूंना गिरण्यांची रांग उभी राहिली. रत्नागिरीचा, साताऱ्याचा माणूस मुंबईस उतरला की तो हवापाणी पाहून घर निवडीत नसे. गिरणीचा भोंगा झाला की पायी वेळेवर पोहोचता आले पाहिजे, ही पहिली अट. दुसरी अट अशी की, आजारी पडलो तर पेजपाणी देणारे आणि काम सुटले तर दोन महिने सांभाळून घेणारे कोणीतरी शेजारी असावे. म्हणून एका गावची माणसे मिळून एक खोली धरीत. दिवसपाळीचा उठला की रात्रपाळीचा त्याच जागेवर पाठ टेकी. जेवण खानावळीत, ट्रंक भिंतीशी, आणि भाडे सर्वांत वाटून. गोव्याच्या लोकांनी तर याच पद्धतीला संस्थेचे रूप दिले. धोबीतलाव, माझगाव या भागांत गावागावांचे ‘कूड’ होते. बोटीवर वा घरगुती नोकरीस जाणारा गोवेकर तेथे अल्प वर्गणीत राही आणि सायंकाळी गावकऱ्यांबरोबर प्रार्थना करी.

ही निवड अडाणीपणाची होती, असे सुशिक्षितांना फार दिवस वाटत आले. १८९६ च्या प्लेगाने चाळींतील अंधार आणि घाण उघडी पाडली. १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. १९२० मध्ये सरकारचे डेव्हलपमेंट खाते निघाले. या खात्याने वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी येथे पक्क्या बांधणीच्या २०७ चाळी बांधल्या. एकेका चाळीत ऐंशी खोल्या. आता कामगार धावत येतील अशी सरकारची अपेक्षा! परंतु १९२० नंतरच्या त्या दशकात, विशेषतः वरळीला, पुष्कळ खोल्या रिकाम्या राहिल्या. भाडे कामगाराला झेपणारे नव्हते. बाजार जवळ नव्हता, दिवाबत्तीची सोय नव्हती, आणि गिरणी दूर होती. भिंती नव्या होत्या, पण त्यांच्याभोवती संसाराची सोय नव्हती. पुढे ती झाली तेव्हा त्याच चाळी गच्च भरल्या आणि मुंबईच्या मराठी जीवनाचे एक केंद्र बनल्या. आमच्या मते या विषयातील खरा धडा हा आहे : बिऱ्हाडकरू नुसत्या खोलीचे भाडे भरीत नाही, कामाला जाण्यायेण्याचा वेळ, पाणी आणि शेजार या तिन्हींचे भाडे तो भरीत असतो. खोली स्वस्त दिसली तरी या तिहींची किंमत वेगळी द्यावीच लागते.

यांपैकी वेळेचा हिशेब आगगाडीने बदलला. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी विजेची गाडी धावली आणि १९२८ मध्ये चर्चगेट–बोरिवली मार्गावरही ती आली. गिरगावच्या दोन खोल्यांत दाटीने राहणाऱ्या कारकुनाला विलेपार्ल्यासारख्या उपनगराचा विचार करता येऊ लागला. अंतर मैलांत मोजण्याऐवजी मिनिटांत मोजण्याची रीत आपल्याकडे येथूनच रूढ झाली.

येथवर आम्ही ‘निवड’ हा शब्द मोकळेपणाने वापरला. परंतु निवड करण्यास आधी दार उघडावे लागते. सप्टेंबर १९१७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर परदेशातील उच्च शिक्षण घेऊन बडोदे संस्थानच्या नोकरीवर रुजू झाले. संस्थानात हुद्दा होता, हाती पगार येणार होता. पण अस्पृश्य म्हणून त्यांना राहावयास जागा मिळेना. शेवटी पारशी नाव सांगून ते एका पारशी पथिकाश्रमात राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक दाराशी आले आणि त्यांना जागा सोडावी लागली. एक हिंदू आणि एक ख्रिस्ती स्नेही, दोघांकडेही सोय झाली नाही. बागेत बसून त्यांनी वेळ काढला आणि रात्रीच्या गाडीने ते मुंबईस परतले. ही हकिगत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. परळला ट्रस्टच्या चाळीतील दोन खोल्यांत मात्र त्यांनी वर्षानुवर्षे काढली. तेथूनच मोठमोठ्या चळवळींचे काम चालले. विद्वत्तेला जे दार बडोद्यात उघडले नाही, ते कामगारांच्या चाळीत उघडले, हे आपण विसरू नये. पुढे १९५० मध्ये त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेस महाविद्यालय काढले. आज मिलिंद म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या महाविद्यालयाबरोबर नागसेनवनात वसतिगृहेही उभी राहिली. खेड्यातील मुलाला राहावयास जागा नसेल तर प्रवेश मिळूनही शिक्षण मिळत नाही, हे ज्याने स्वतः सोसले त्याला कोणी सांगावे लागले नाही.

कायद्याने काय केले, तेही थोडक्यात पाहू. मुंबईत १९४७ च्या कायद्याने भाडी जुन्या दरांना बांधली. भाडेकरूला अभय मिळाले. पण मालकाने डागडुजी सोडली, नवी घरे भाड्याने देणे कमी केले, आणि पागडीचा व्यवहार माजला. मराठवाड्यास १९५४ चा हैदराबादचा भाडेनियंत्रण कायदा लागू होता. या सर्वांच्या जागी ३१ मार्च २००० पासून राज्यभर एकच कायदा आला. भाड्याचा करार लेखी आणि नोंदलेला असावा, ती जबाबदारी मालकाची, आणि तसा करार नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, ते खोटे ठरेपर्यंत, ग्राह्य धरावे, असे तो सांगतो. ज्यांची मुले शहरी जाणार आहेत त्यांनी एवढे तरी ध्यानात ठेवावे.

आता पुन्हा आपल्या शहराकडे येऊ. चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत झाली, १९७० नंतर सिडकोने नवे शहर आखले, आणि १९८० नंतर वाळूजला कारखाने आले. रांजणगाव शेणपुंजी, बजाजनगर या वस्त्या कामगारांच्या खोल्यांनी भरल्या. बीड बायपासच्या बाजूला सातारा, देवळाई वाढले. कारण तेच, परळचे : पाळीला वेळेवर पोहोचले पाहिजे. आणि पाणी? आपल्या पैठणच्या नाथसागराचे पाणी शहरास जाते, तरी अनेक वस्त्यांत वर्षानुवर्षे नळ रोज आला नाही. मलिक अंबराने चारशे वर्षांपूर्वी जो प्रश्न आधी सोडविला, तो खोली पाहणाऱ्याने आजही आधी विचारावा. नळ किती दिवसांनी येतो, कामाच्या जागी जाण्यास किती वेळ आणि किती पैसे लागतात, अडचणीला हाक कोणाला मारता येईल, हे विचारून मगच भाड्याचा आकडा विचारावा.

शेवटी एक गोष्ट आपल्या गावासाठी. पाचोडहून माणसे जातात, तशी पाचोडला येतातही. शाळेवर नेमलेला शिक्षक, दवाखान्यातील परिचारिका, बँकेतील कारकून, सारे येथे खोली शोधतात. आपला मुलगा परगावी दारोदार फिरतो तेव्हा त्याचे आडनाव, जात वा धर्म विचारून कोणी दार लावून घेऊ नये, असे आपणांस वाटते. मग आपल्या ओसरीवर उभ्या राहिलेल्या परक्या माणसाला आपण पहिला प्रश्न कोणता विचारतो? बडोद्याची ती हकिगत शंभर वर्षांमागची म्हणून मिटवून ठेवावयाची की नाही, हे त्या प्रश्नावर अवलंबून आहे. घर भाड्याने देणारा प्रत्येक माणूस त्याचे उत्तर रोज देत असतो.