सोयीची किंमत

कोणतीही नवी सोय विकत घेतांना आपण तिची किंमत विचारतों. परंतु दुकानदार सांगतो ती बहुधा अर्धीच असते. उरलेली अर्धी कोणी तरी, कोठें तरी, पुष्कळदां फार उशिरां भरीत असतो. आणि तो भरणारा खरेदी करणाराच असेल असा नेम नाहीं. खिशांतला फोन आणि त्यामागें उभ्या असलेल्या अवाढव्य कंपन्या यांमुळें हा विचार आज पुष्कळांच्या मनांत येऊं लागला आहे. नव्या यंत्रविद्येकडे सामान्य ग्राहक साशंक दृष्टीनें पाहूं लागला, कीं त्यास प्रगतीचा शत्रु म्हणून हिणविण्याची चाल आहे. पण ही शंका आजची नव्हे. रायगड जिल्ह्यांतील, म्हणजे १९८१ पर्यंतच्या कुलाबा जिल्ह्यांतील, रोहें आणि पेण हीं दोनच गांवें घेतलीं, तरी तिचा शंभर वर्षांचा इतिहास डोळ्यांपुढें उभा राहतो. आणि ती केव्हां योग्य व केव्हां अयोग्य, हेंही त्यावरून पारखतां येतें.

रोह्यावरून वाहणारी कुंडलिका ही कोंकणांतील नदी. पावसाळ्यांत दुथडी भरून वाहावें आणि उन्हाळ्यांत रोडावून जावें, असा या भागांतील नद्यांचा स्वभाव. परंतु कुंडलिकेला भर उन्हाळ्यांतही पाणी असतें. इतकेंच नव्हे, तर कोलाडच्या बाजूस शहरांतील हौशी मंडळी त्या पाण्याच्या जोरावर रबरी होड्यांचा खेळ खेळतात. हें पाणी मूळचें कोंकणचें नाहीं. तें घाटावरचें, पुणें जिल्ह्यांतील मुळशीचें. मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमाजवळ टाटांच्या कंपनीनें धरण बांधलें. पूर्वेकडे जाणारें पाणी पश्चिमेकडे वळविलें. सह्याद्रीवरून सुमारें ५०० मीटर खालीं आणून माणगांव तालुक्यांतील भिरा येथें त्यावर विजेचीं चक्रें फिरविलीं आणि मग तें कुंडलिकेंत सोडून दिलें. खोपोलीचें वीजघर १९१५ सालीं, भिवपुरीचें १९२२ सालीं आणि भिऱ्याचें १९२७ सालीं सुरू झालें.

या विजेचा ग्राहक कोण? मुंबईच्या गिरण्या, मुंबईचे रस्ते, मुंबईचीं घरें. त्या ग्राहकास मिळालेली सोय खोटी नव्हती. कोळसा वांचला, गिरण्यांचा धूर कमी होण्याचा मार्ग दिसला, दिव्याच्या कांचा पुसण्याचा त्रास गेला. महिन्याचें बिल आलें, तें त्यानें भरलें. त्याच्या दृष्टीनें व्यवहार पुरा झाला. परंतु त्या बिलावर मुळशीचें नांव नव्हतें. धरणासाठीं मावळांतील पन्नासांच्या आसपास गांवांची जमीन १८९४ च्या भूमिसंपादन कायद्यानें एका खासगी कंपनीकरितां घेण्यांत येत होती. त्याविरुद्ध १६ एप्रिल १९२१ रोजीं, रामनवमीच्या दिवशीं, मावळ्यांनीं सत्याग्रह आरंभिला. पांडुरंग महादेव बापट यांस ‘सेनापति’ हें नांव याच लढ्यानें दिलें. विनायकराव भुस्कुटे त्यांचे सहकारी होते. मावळ्यांचें म्हणणें सरळ होतें: वीज तुमची, नफा कंपनीचा, मग बुडावें आम्हींच कां? या प्रश्नास उत्तर मिळालें नाहीं, तुरुंग मिळाला. लढा विरत गेला, धरण पुरें झालें, आणि भातखाचरें पाण्याखालीं गेलीं.

या प्रकरणास एक दुसरीही बाजू आहे, ती न्यायबुद्धीनें सांगितली पाहिजे. मुळशीनें गमावलें त्यांतील कांहीं रोह्यास मिळालें. वीजघरांतून सुटलेलें पाणी डोलवहाळच्या बंधाऱ्यावर अडवून कालव्यांनीं शेतीस दिलें गेलें. गेल्या शतकाच्या उत्तरार्धांत रोह्याजवळ धाटाव येथें औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि तेथें रासायनिक कारखाने आले. बारमाही पाण्याची शाश्वती हें त्या वसाहतीचें एक मोठें बळ होतें. घरोघर पगार आले, मुलें शिकलीं, गांवाची बाजारपेठ वाढली. परंतु केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानें २०१८ सालीं देशांतील प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी केली, तेव्हां तींत कुंडलिकेचेंही नांव आलें. म्हणजे एका सोयीच्या बिलाचा जो भाग मुळशीच्या शेतकऱ्यानें भरला, त्याच पाण्यावर उभ्या राहिलेल्या दुसऱ्या सोयीच्या बिलाचा भाग खाडीकांठचा कोळी भरूं लागला. औषधाची गोळी किंवा कापडाचा रंग विकत घेणाऱ्या माणसास यांतलें कांहींच दिसत नाहीं. त्याला दिसते ती फक्त छापील किंमत.

येथें कोणी विचारील, कीं मग काय यंत्रेंच नकोत? तसा निष्कर्ष काढणें चुकीचें होईल, आणि त्याचा दाखलाही आपल्याच इतिहासांत आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीं लक्ष्मणराव किर्लोस्कर लोखंडी नांगर घेऊन शेतकऱ्यांकडे गेले, तेव्हां लोखंडानें जमिनीस विष चढेल या भीतीनें कोणी तो घेईना. पहिले कांहीं नांगर विकण्यांतच दोन वर्षें गेलीं असें सांगतात. ही शंका होती, पण परीक्षा नव्हती. पुढें शेतकऱ्यांनीं नांगर जमिनींत घालून पाहिला, खोल गेलेली तास पाहिली, आणि मग तो आपलासा केला. नांगराच्या बाबतींत एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. तो वापरणाराच त्याचा गुण भोगीत होता आणि दोषही त्यालाच भोगावा लागला असता. शिवाय फाळ बोथट झाला तर गांवचा लोहार तो नीट करूं शकत होता. ज्या यंत्राचा लाभ आणि तोटा एकाच माणसाच्या पदरांत पडतो, त्याची परीक्षा लवकर होते व ती खरी होते. लाभ एकाच्या आणि तोटा दुसऱ्याच्या वांट्यास जातो, तेथें ती लांबते. आणि तेथेंच साशंक ग्राहकाची गरज असते.

पेणची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे, कारण तेथें दोष द्यावा असा मोठा भांडवलवाला समोर दिसत नाहीं. पेण गणेशमूर्तींसाठीं प्रसिद्ध आहे. १८९३ पासून लोकमान्यांच्या प्रेरणेनें सार्वजनिक उत्सव वाढीस लागला, मुंबईची वस्ती वाढली, आणि पेणच्या मूर्तिकारांच्या हातांस काम मिळत गेलें. मूर्ती शाडूच्या असत. शाडू जड, सुकण्यास वेळ घेणारा, आणि प्रवासांत दगावणारा. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत प्लास्टर ऑफ पॅरिसचा प्रसार झाला. जिप्सम हा खनिज पदार्थ सुमारें १५० अंश उष्णतेवर तापविला, कीं त्यांतील बरेंचसें पाणी उडून पांढरी भुकटी राहते. तींत पुन्हां पाणी घातलें, कीं थोड्याच मिनिटांत ती घट्ट होते. सांचा तयार असला म्हणजे एका दिवसांत कितीतरी मूर्ती निघतात. त्या हलक्या असतात, लवकर फुटत नाहींत, आणि वर्षभर करून ठेवतां येतात. हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत या गांवांत घरोघर कारखाने झाले. जेथें पावसाळी भाताखेरीज उत्पन्न नव्हतें, तेथें स्त्रियांना आणि तरुणांना बारा महिने काम मिळालें. ग्राहकासही मूर्ती स्वस्त, मोठी आणि झगझगीत मिळाली.

मग बिलाचा दुसरा भाग कोठें गेला? तो अक्षरशः पाण्यांत गेला. शाडूची मूर्ती कांहीं तासांत विरघळते. प्लास्टरची कित्येक दिवस तशीच राहते, आणि तिचे रंग पाण्यांत उतरतात. उत्सवाच्या दुसऱ्या दिवशीं समुद्रकांठीं पडलेले भग्न अवयव पाहून भाविकांसच लाज वाटूं लागली. केंद्रीय मंडळानें २०१० सालीं विसर्जनाविषयीं मार्गदर्शक नियम केले. मे २०२० मध्यें सुधारलेल्या नियमांत प्लास्टरच्या मूर्तींस मनाई केली, पण लगेच ती एक वर्ष पुढें ढकलली. ३० जानेवारी २०२५ रोजीं मुंबई उच्च न्यायालयानें मनाईची कसोशीनें अंमलबजावणी करण्यास सांगितलें. ९ जूनला मूर्ती घडविण्यास व विकण्यास मोकळीक मिळाली, मात्र नैसर्गिक जलाशयांत विसर्जनास नाहीं. आणि २४ जुलैला सहा फुटांपर्यंतच्या मूर्तींस कृत्रिम तलाव सक्तीचे झाले व त्याहून मोठ्या मूर्तींस मार्च २०२६ पर्यंत सवलत देण्यांत आली. या सहा महिन्यांत पेणच्या कारागिराची काय अवस्था झाली असेल, याची कल्पना करावी. उत्सवाच्या कितीतरी महिने आधीं कर्ज काढून माल भरणारा तो. एका निकालानें बुडण्याच्या कांठावर आला आणि दुसऱ्यानें वर निघाला. मूर्ती कशाची आहे हें दोन पिढ्या न विचारणाऱ्या ग्राहकाचें बिल शेवटीं त्याच्या दारांत येऊन पडलें. स्वस्त मूर्ती मागितली आम्हीं; गुन्हेगार ठरूं लागला तो.

प्लास्टरच्या कथेंत विज्ञानानें केवळ बिघाड केला असेंही नाहीं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनें अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणांत प्लास्टर विरघळविण्याची रीत दाखविली. तींतून खतास उपयोगी असें अमोनियम सल्फेट निघतें. तेव्हां प्रश्न विद्येचा नाहीं. ती रीत मूर्ती बाजारांत येण्यापूर्वीं न शोधतां, समुद्रकांठ भरल्यावर कां शोधावी लागली, हा आहे.

आतां आजच्या यंत्रविद्येकडे वळूं. भारतांत मोबाईलवरील पहिलें संभाषण ३१ जुलै १९९५ रोजीं झालें. त्या काळीं बोलण्यास मिनिटाला इतके रुपये पडत, कीं तें श्रीमंतांचेंच खेळणें होतें. २०१६ च्या सप्टेंबरांत एका नव्या कंपनीनें आरंभीं फुकट सेवा देऊन बाजारांत उडी घेतली आणि थोड्याच काळांत पेण-रोह्याच्या वाड्यांवस्त्यांतही इंटरनेट पोंचलें. यांत गरिबाचा लाभ झाला हें नाकारणें कृतघ्नपणाचें होईल. परंतु एखाद्या वस्तूची दुकानांतील किंमत शून्यावर येते, तेव्हां बिलाचा दुसरा भाग नाहींसा होत नाहीं. तोच सर्व बिल होऊन बसतो. आपण काय पाहतों, कोणाशीं बोलतों, कोठें जातों, किती वेळ थांबतों, हें सर्व तेथें नाण्यासारखें मोजून घेतलें जातें. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असें सर्वोच्च न्यायालयास २४ ऑगस्ट २०१७ रोजीं सांगावें लागलें, आणि वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा व्हावयास २०२३ साल उजाडलें. सोय आधीं आली, कायदा मागून.

वस्तूच्या आयुष्याचीही तीच कथा. १९२४ सालीं जिनीव्हा येथें विजेच्या दिव्यांच्या बड्या कारखानदारांनीं आपसांत करार करून दिव्याचें आयुष्य एक हजार तासांवर आणून बसविलें. त्याहून अधिक टिकणारा दिवा करणाऱ्यास दंड ठेवला. मुळशीचा सत्याग्रह चालू होता तो हाच काळ. पुढें डिसेंबर २०१७ मध्यें ॲपल कंपनीनें जुन्या बॅटरीच्या फोनांची गति आपण कमी केल्याचें मान्य केलें. फोन अचानक बंद पडूं नयेत म्हणून तसें केलें, असें तिचें कारण होतें. तें खरेंही असेल. पण ज्यानें पैसे मोजून वस्तु घेतली त्याला न विचारतां ती दुरून मंद करतां येते, ही गोष्ट त्यामुळें जगास कळली. फाळ बोथट झाला तर लोहाराकडे जाणारा शेतकरी त्याच्या नांगराचा धनी होता. बॅटरी बदलण्यासही कंपनीची मेहेरबानी लागते असा फोनवाला तितका धनी आहे काय?

महाराष्ट्रानें या बाबतींत अगदींच झोंप घेतली असें नाहीं. १९७४ सालीं पुण्यास बिंदुमाधव जोशी यांनीं ग्राहक पंचायत उभारली आणि पुढल्या वर्षीं मुंबईची ग्राहक पंचायत निघाली. देशांत ग्राहक संरक्षणाचा कायदा १९८६ सालीं झाला. २०१९ सालीं त्याच्या जागीं नवा आला. दुरुस्तीच्या हक्कासाठीं केंद्र सरकारनें २०२२ सालीं समिति नेमली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत संकेतस्थळ उघडलें. या सर्वांचा रोख मुख्यतः ग्राहक फसूं नये यावर आहे, आणि तो योग्यच आहे. पण ग्राहकाच्या सोयीसाठीं दुसरा कोणी फसूं नये, हा धडा अद्याप कायद्यांत थोडा आणि आपल्या संवयींत त्याहून थोडा उतरला आहे.

म्हणून कोणतीही नवी वस्तु घेतांना तीन प्रश्न विचारण्याची संवय मध्यमवर्गीय घरांत रुजावी असें आम्हांस वाटतें. ही बिघडली तर दुरुस्त कोण करणार? हिची किल्ली माझ्या हातीं कीं विकणाऱ्याच्या? आणि माझें काम झाल्यावर ही जाणार कोठें? या प्रश्नांनीं कोणतेंही चांगलें यंत्र अडत नाहीं. नांगर या तिन्ही प्रश्नांस उतरला असता.

मात्र ते वेळीं विचारले पाहिजेत. पेण तालुक्यांतील हेटवणें धरणाच्या लाभक्षेत्रांतल्या २२ गांवांत २१ सप्टेंबर २००८ रोजीं विशेष आर्थिक क्षेत्रासाठीं जमीन द्यावी कीं न द्यावी, यावर शेतकऱ्यांचें मत घेण्यांत आलें. कौल विरोधाचा पडला, आणि ती योजना मागें पडली. मुळशीच्या मावळ्यांस जो प्रश्न तुरुंगांत जाऊन विचारावा लागला, तो पेणच्या शेतकऱ्यानें मतपेटींत टाकला. सत्याऐंशी वर्षांत एवढा तरी फरक पडला. ऑक्टोबर २०२४ मध्यें उरण, पनवेल आणि पेण या तालुक्यांतील १२४ गांवांच्या क्षेत्रांत नवें नगर वसविण्याचें काम शासनानें मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे सोंपविलें. त्या नगरांत जे उद्योग येतील, त्यांच्या मालाचे आणि सेवांचे ग्राहक आपणच असूं. तेव्हां त्यांचें पाणी कोठून येणार, सांडपाणी कोणत्या खाडींत जाणार, आणि कोणाचें शेत त्याखालीं जाणार, हें विचारण्याचें काम एकट्या त्या १२४ गांवांवर टाकून आपण मोकळें होऊं नये.