पॉइंट-अँड-शूटकडून डीएसएलआरकडे: नेमके काय बदलते?

अंबरनाथचे शिवमंदिर इ.स. १०६० मधले. बाहेरच्या भिंतींवरची शिल्पे दिवसाउजेडी पॉइंट-अँड-शूट कॅमेऱ्यातही छान येतात. मंडपातल्या अंधारात मात्र फोटो दाणेदार किंवा हललेले येतात. याचे मुख्य कारण सेन्सरचा आकार.

सेन्सर : छोट्या कॅमेऱ्याचा सेन्सर साधारण ६ × ४.५ मिमी असतो. बहुतेक डीएसएलआरमध्ये तो सुमारे २३ × १५ मिमी, म्हणजे क्षेत्रफळाने जवळपास १२ पट असतो. तो जास्त प्रकाश गोळा करतो, त्यामुळे आयएसओ १६०० ठेवूनही फोटो बराच स्वच्छ येतो. पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित वास्तूंत ट्रायपॉडसाठी परवानगी लागत असल्याने हा फरक महत्त्वाचा ठरतो.

झूम : इथे मात्र तोटा होऊ शकतो. डीएसएलआरबरोबर मिळणाऱ्या १८–५५ मिमी लेन्सचा झूम जेमतेम ३ पट असतो. बदलापूरजवळ बारवी धरणाच्या परिसरात पक्षी टिपायचे तर वेगळी टेलिफोटो लेन्स घ्यावी लागते.

फोकस : मोठ्या सेन्सरमुळे पार्श्वभूमी सहज धूसर होते, पण फोकस जरा चुकला, तर मूर्तीचा चेहराच धूसर येतो. म्हणून फोकस बिंदू स्वतः निवडावा.

सुरुवात : पूर्ण ऑटोवर अंधारात फ्लॅश उघडतो आणि कोरीव कामातला छायाप्रकाश सपाट होतो. फ्लॅश बंद करून ‘ए’ किंवा ‘एव्ही’ मोडवर छिद्र शक्य तितके मोठे ठेवावे. एवढे शिकायची तयारी नसेल, तर छोटा कॅमेराच बरा.