काळा दगड, चुना आणि वाड्याची बाग

जुन्या वाड्यासारखी बाग करून द्या, असं म्हणत कुणी आलं की मी त्याला आधी मालेगावच्या किल्ल्यात नेतो. मोसमकाठचा हा भुईकोट नारोशंकर राजेबहादूर यांनी १७४० च्या सुमारास बांधायला घेतला. १८१८ मध्ये इंग्रजांच्या तोफांनी तो झोडपला, तरी उरलेल्या दगडांवर पाथरवटाची टाकी आजही हाताला लागते. नाशकात गोदाकाठचं रामेश्वराचं देऊळही नारोशंकरांचंच, १७४७ चं. सगळे तिथली घंटा बघतात. मी कोरीव दगड बघत बसतो.

लाकडासाठी चांदवड गाठावं. अहिल्याबाई होळकरांच्या रंगमहालातले कोरीव खांब पाहिल्यावर बागेतला झोपाळा कसा असावा हे सांगावं लागत नाही. सागवानी पाट, पितळी कड्या, बस्स.

त्या काळच्या वाड्यांच्या चौकात मधोमध तुळशीवृंदावन, कडेला दगडी डोणी, विहिरीपासून झाडांपर्यंत पाट. मोगरा, अनंत, पारिजातक देवपूजेसाठी. दगड बसवायला घाण्यात मळलेला चुना, त्यात गूळ आणि हिरड्याचं पाणी. चुना सावकाश धरतो, म्हणून गिऱ्हाइकं सिमेंट मागतात. मी ठाम नकार देतो. सिमेंटच्या साच्यातलं वृंदावन माझ्या बागेत बसणार नाही.