कोठीची किल्ली

रयत शिक्षण संस्थेचा इतिहास सांगताना लोक शाळा-महाविद्यालयांची संख्या सांगतात. मला तिच्या एका जुन्या स्वयंपाकघराबद्दल सांगावंसं वाटतं. भाऊराव पाटलांनी १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावात संस्था काढली, १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं आणि १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याचं छत्रपती शाहू बोर्डिंग असं नामकरण झालं. धनिणीच्या बागेतलं हे बोर्डिंग. चाळीसच्या दशकात माझे वडील तिथे होते, तेव्हा बारा-तेरा वर्षांचे.

स्वयंपाक मुलंच करत. एकजण काठवटीत पीठ मळायचा, दुसरा भाकरी थापायचा, तिसरा तव्यापाशी. पाळी सगळ्यांना, जात कुठलीही असो. घरी कधी चुलीजवळ न बसलेला पाटलाचा पोर फुंकणी घेऊन डोळे चोळत बसे आणि गावात ज्याची सावलीही चालत नसे, त्या मुलाच्या हातची भाकरी सगळ्या ताटांत पडे. गावोगाव पाणवठे वेगळे होते तेव्हाची ही गोष्ट.

वडिलांकडे काही दिवस धान्याच्या कोठीची किल्ली होती. पीठ मापून द्यायचं, वहीत लिहायचं, कमी पडलं तर पंगतीसमोर उभं राहून सांगायचं. आपल्या गावच्या मुलाला जास्त वाढलं की लगेच बोभाटा व्हायचा आणि तो मुलंच मिटवायची. धान्य किती कष्टाने येतं हे त्यांना ठाऊक होतं. मुलांच्या जेवणासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रसुद्धा विकलं होतं, हे नव्या मुलाला जुनी मुलं सांगत. संस्थेच्या 'कमवा आणि शिका'चा अर्थ नुसती फी भागवणं एवढाच नव्हता. स्वतः राबून खाणारा पोर कुणापुढे मान खाली घालत नाही.

आता सहावी-सातवीच्या मुलांसाठी नेतृत्वाची शिबिरं होतात. मुलं तिथे छान बोलायला शिकतात, पण दहा जणांचं पोट त्यांच्या हाती कुणी सोपवत नाही. माझ्या मते सगळा फरक तिथेच पडतो.

वडिलांच्या बाबतीत तो फरक पुढे दिसला. १९७२ च्या दुष्काळात आमच्या गावात सुकडी या पूरक आहाराचं वाटप त्यांच्याकडे आलं. त्यांनी मराठ्यांची आणि महारवाड्याची वेगळी रांग लावू दिली नाही. काही घरं रुसली, आधी आलीच नाहीत. वडिलांनी त्यांचा वाटा वहीत लिहून बाजूला ठेवला. पुढे तीही त्याच रांगेत उभी राहिली.