पौर्णिमा ते रविवार : शिरोळ परिसरातील प्रवासाचा थोडा इतिहास

‘जोडून सुट्टी’ आली की मराठी वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून आणि हल्ली भ्रमणध्वनीवरून दोन दिवसांच्या सहलींच्या याद्या फिरू लागतात. त्यांत कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुका हमखास असतो. कार्यक्रमही ठरलेला असतो. सकाळी खिद्रापूरचे कोपेश्वर मंदिर, दुपारी नरसोबाच्या वाडीला दर्शन आणि प्रसाद, परतताना कुरुंदवाडचा घाट, आणि पिशवीत पेढे, बासुंदी, कवठाची बर्फी. आम्हीही एम. ए.च्या विद्यार्थ्यांना घेऊन याच क्रमाने या परिसरात एकाहून अधिक वेळा आलो आहोत. तेव्हा या टीकेतून आम्ही स्वतःला वगळत नाही.

या याद्यांत एक गोष्ट खटकते. त्यांत स्थळे असतात, अंतरे असतात, जेवणाची सोय असते. पण दिवस नसतो. कोणत्याही शनिवारी-रविवारी जावे, गाव तेच असणार, असे त्यांत गृहीत धरलेले असते. वस्तुतः या परिसरात माणूस येत आला तो विशिष्ट दिवशी आणि विशिष्ट कारणासाठी. हा दिवस कसा बदलत गेला, हे पाहिले तर या गावांकडे पाहण्याची आपली नजर कशी बदलली, हेही ध्यानात येते. प्रस्तुत लेखाचा हेतू एवढाच आहे.

आरंभ साहित्यापासूनच करणे बरे. कृष्णा-पंचगंगेचा संगम मराठी वाङ्मयात ठसठशीतपणे येतो तो ‘गुरुचरित्रा’त. नृसिंहसरस्वतींचे या संगमावर बारा वर्षे वास्तव्य होते, अशी परंपरा आहे. पलीकडच्या तीरावरील अमरापूर, म्हणजे आजच्या औरवाडचा परिसर, त्यात आहे. शिरोळ गावही आहे. या ग्रंथाच्या विसाव्या-एकविसाव्या अध्यायांत शिरोळच्या एका स्त्रीची कथा येते. तिची मुले जगत नाहीत. ती संगमावरील औदुंबरापाशी पादुकांच्या सेवेला येते. पुढे मुले होतात, त्यांतील थोरला मुंजीच्या वयात दगावतो आणि ती त्याचे प्रेत सोडायला तयार होत नाही. चमत्काराचा भाग ज्याने त्याने आपल्या श्रद्धेनुसार घ्यावा. आम्हांला महत्त्वाचे वाटते ते हे की, शिरोळहून वाडीच्या संगमाकडे निघालेली वाङ्मयातील ही ठळक प्रवासी मुले गमावलेली एक आई आहे. अंतर अगदी थोडे. पण त्या प्रवासामागचे कारण आयुष्याएवढे मोठे आहे.

याच ग्रंथाचा कर्ता सरस्वती गंगाधर कन्नड मातृभाषेचा मानला जातो आणि तो मराठीत लिहितो. ही गोष्ट आपण वर्गात एका वाक्यात सांगून पुढे जातो. शिरोळ तालुक्यात उभे राहिल्यावर मात्र तिचा अर्थ उलगडतो. कोपेश्वराच्या मंदिरात जुन्या कन्नडमधील लेख आहेत आणि तेराव्या शतकाच्या आरंभीचा, यादव सिंघणाचा देवनागरीतील संस्कृत लेखही आहे. मंदिरासमोर नंदी नाही. तो यडूरला आहे असे भाविक मानतात, आणि यडूर आज कर्नाटकात आहे. देव एका राज्यात आणि त्याचे वाहन दुसऱ्या राज्यात, ही स्थिती आपल्या काळाने आणली. येथील माणसाने दोन्ही भाषा पूर्वीपासूनच जवळ बाळगल्या होत्या. वाडीच्या मंदिराविषयीही असेच आहे. विजापूरच्या आदिलशहाच्या मुलीची दृष्टी परत आली, म्हणून त्याने हे मंदिर बांधवले आणि औरवाड, गौरवाड ही गावे इनाम दिली, अशी परंपरा सांगितली जाते. मंदिराला नेहमीसारखे शिखर नाही, याची संगती भाविक या कथेशी लावतात.

तर संगमावर येणाऱ्याचा दिवस कोणता? तो चंद्राने ठरवलेला होता. पौर्णिमेची वारी, आश्विन वद्य द्वादशीची गुरुद्वादशी, मार्गशीर्षातील दत्तजयंती. वासुदेवानंद सरस्वतींची ‘करुणात्रिपदी’ वाडीतच रचली गेली आणि आजही तेथे नित्य म्हटली जाते. तीही सवडीनुसार नव्हे, नेमाच्या वेळेला. यात्रेकरू आपली सवड घेऊन येत नसे. तिथी त्याला बोलावत असे.

खिद्रापूरच्या बाबतीत तर हे दगडातच दिसते. बाराव्या शतकात शिलाहारांच्या काळात घडलेल्या या मंदिराचा स्वर्गमंडप ४८ खांबांचा आहे आणि त्याचे छत मध्यभागी वर्तुळाकार मोकळे आहे. त्रिपुरी पौर्णिमेच्या मध्यरात्री चंद्र या वर्तुळाच्या वर येतो आणि खालच्या गोल शिळेवर चांदणे उतरते. यामागे साधा हिशेब आहे. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या समोर असतो. कार्तिकात सूर्य विषुववृत्ताच्या दक्षिणेला साधारण पंधरा ते वीस अंश असतो, म्हणून चंद्र जवळपास तेवढाच उत्तरेला असतो. खिद्रापूर सुमारे साडेसोळा अंश उत्तर अक्षांशावर आहे. साहजिकच त्या रात्री चंद्र जवळपास माथ्यावर येतो. चंद्राची कक्षा थोडी कललेली असल्यामुळे दरवर्षी तंतोतंत तेथेच येतो असे नाही. पण या जागेला कोणती रात्र शोभते, हे उघड आहे. रविवारी सकाळी अकरा वाजता त्या मोकळ्या वर्तुळातून दिसते ते फक्त ऊन. त्याचे छायाचित्र उत्तम येते, हेही खरे.

आता रविवारकडे वळू. रविवार हा आपल्याकडे सुट्टीचा दिवस म्हणून आपोआप आलेला नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी चालवलेल्या लढ्यानंतर १८९० साली गिरणीमालकांनी रविवारची साप्ताहिक सुट्टी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार, हेही कारण लोखंड्यांनी पुढे केले होते, असे सांगितले जाते. म्हणजे इंग्रजांच्या उपासनेचा दिवस मराठी कामगाराने आपल्या दैवताच्या नावाने मागून घेतला. पुढच्याच वर्षी, १८९१ मध्ये, मिरज-कोल्हापूर रेल्वे सुरू झाली. मोकळा दिवस आणि वेगवान वाहन या दोन गोष्टी एकमेकींशेजारी आल्या. दोन दिवसांच्या सहलीला याहून अधिक काय लागते? अर्थात या दोहोंचा लाभ एकाच माणसाला लगेच मिळाला असे नाही. महाराष्ट्र शासनाच्या कर्मचाऱ्यांना शनिवार-रविवार अशी सलग सुट्टी मिळू लागली ती २०२० साली. महाविद्यालये त्यातून वगळलेली आहेत, हा तपशील आमच्या व्यवसायबंधूंना सांगायला नको.

रेल्वेने या तालुक्याची रचनाच बदलली. लोहमार्ग शिरोळ गावातून गेला नाही. स्थानक बाजूला राहिले. त्या स्थानकाजवळ राजर्षी शाहू छत्रपतींनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात आपले जनक पिता जयसिंगराव घाटगे यांच्या नावाने नवे गाव वसवले, ते जयसिंगपूर. सरळ रस्ते, काटकोनात छेदणाऱ्या गल्ल्या, व्यापारासाठी आखलेली पेठ. सहलीच्या यादीत जयसिंगपूर कधी नसते, कारण तेथे ‘पाहण्यासारखे’ काही नाही. पण नदी आणि तिथी यांनी घडवलेल्या गावांच्या शेजारी आराखड्यावर घडवलेले गाव पाहणे, हा साहित्याच्या विद्यार्थ्यालाही मोठा धडा आहे. आज तालुक्याचा ऊस, त्याचा दर आणि त्यावरचा संताप ऐकायचा, तर दर हंगामाला भरणाऱ्या जयसिंगपूरच्या ऊस परिषदेलाच जावे लागते. शिरोळच्या साखर कारखान्याचे नावही श्रीदत्त असावे, यात या परिसराचे दोन्ही काळ एकत्र येतात.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. यात्रा पवित्र आणि सहल उथळ, असे म्हणणे सोपे आहे. आम्हांला ते मान्य नाही. जुना प्रवास सर्वांचा नव्हता. सार्वजनिक विहिरी, धर्मशाळा, पाणवठे येथे अस्पृश्यता पाळू नये, असे हुकूम कोल्हापूर संस्थानात १९१९ साली काढावे लागले. याचा अर्थ तोवर प्रवाशाला निवारा आणि पाणी देण्यापूर्वी त्याची जात विचारली जात होती. स्त्रीला घराबाहेर पडायचे तर नवस, व्रत किंवा दुःख लागत असे. गुरुचरित्रातील ती आई याचीच साक्ष आहे. काहीही मागणे नसताना, केवळ पाहावेसे वाटले म्हणून एखादी विद्यार्थिनी स्वर्गमंडपात उभी राहते, ही सहलीने दिलेली मुक्ती आहे. लोखंड्यांच्या रविवारची ती दूरची फलश्रुती आहे. तिला नाक मुरडण्याचा अधिकार आम्हांला नाही.

मग आक्षेप कशावर? आक्षेप आहे तो गावाचा काळ पुसून टाकण्यावर. कुरुंदवाडचे उदाहरण घेऊ. पटवर्धनांच्या संस्थानाचे हे गाव. १८५४ मध्ये त्याच्या थोरली पाती आणि धाकटी पाती अशा वाटण्या झाल्या आणि १९४८ मध्ये दोन्ही पाती मुंबई राज्यात विलीन झाल्या. घाटावर सेनापती संताजी घोरपड्यांची समाधी दाखवली जाते. सहलीचा माणूस घाट पाहतो, छायाचित्र घेतो, निघतो. पण कुरुंदवाडची खरी ओळख घाटावर नाही, ती भाद्रपदात आहे. येथील पाच मशिदींत गणपती बसतात. चांद्र हिजरी वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असल्यामुळे मोहरम ऋतूंतून फिरत राहतो आणि साधारण ३२-३३ वर्षांनी गणेशोत्सवाला येऊन भेटतो. २०१८, २०१९ आणि २०२० अशी सलग तीन वर्षे ही गाठ पडली आणि एकाच छताखाली गणपती आणि पीर दोन्ही बसले. दोन पंचांगांचा मेळ गावाने आपल्या अंगणात घातला. हे पाहायला कोणताही शनिवार-रविवार चालत नाही. त्यासाठी एक पिढी थांबावे लागते.

त्यांतील २०१९ या वर्षाकडे पुन्हा पाहिले पाहिजे. त्या वर्षीचा मोहरम आणि गणेशोत्सव सप्टेंबरच्या आरंभी आले. त्याआधी जेमतेम महिनाभर, ऑगस्टमध्ये, कृष्णा-पंचगंगेच्या महापुराने शिरोळ तालुका वेढला होता. वाडी, कुरुंदवाड आणि नदीकाठची गावे पाण्यात होती. माणसे आणि जनावरे नावांतून हलवावी लागली. २००५ मध्ये हे झाले होते, २०२१ मध्ये पुन्हा झाले. म्हणजे ज्या कुरुंदवाडने त्या सप्टेंबरात दोन सण एकत्र मांडले, ते गाव घरांतला गाळ काढून नुकते उठले होते.

पाण्याशी या गावांचे नाते मात्र केवळ भयाचे नाही, आणि येथेच रविवारच्या पाहुण्याची सर्वांत मोठी अडचण होते. वाडीला पावसाळ्यात कृष्णेचे पाणी मंदिरात शिरते, पादुकांवरून वाहते आणि दक्षिणेकडील दाराने बाहेर पडते. या ‘दक्षिणद्वारा’च्या स्नानासाठी भाविक धावत येतात. पाणी चढताना होतो तो चढता दक्षिणद्वार सोहळा, ओसरताना होतो तो उतरता. पाणी आणखी वाढले की उत्सवमूर्ती नारायणस्वामींच्या मंदिरात नेऊन ठेवतात. त्याहून वाढले की गावच हलते. सोहळा आणि संकट यांत काही फुटांचेच अंतर असते, आणि ते अंतर गावातील प्रत्येकाला पायऱ्यांवरून मोजता येते. हे ज्ञान कोणत्याही यादीत नाही. उलट पुराच्या दिवसांत ‘सध्या जाऊ नये’ एवढीच सूचना असते, आणि हिवाळा आला की तेच गाव पुन्हा ‘निवांत, रम्य’ ठरते. रम्य हा शब्द खोटा नाही. पण तो गावाच्या वर्षातून पावसाळा वजा केल्यावर उरलेला शब्द आहे.

साहित्य शिकवणाऱ्यांना यात आपला दोषही दिसावा. आपणही ग्रंथातून निवडक उतारे काढतो, त्यांना ‘सुंदर’ म्हणतो आणि ते कोणत्या गरजेतून, कोणत्या दिवशी, कोणासाठी लिहिले गेले हे तासाच्या वेळेअभावी सोडून देतो. गुरुचरित्राला केवळ पारायणाचा ग्रंथ मानून अभ्यासक्रमाच्या कडेला ठेवणे आणि वाडीला केवळ बासुंदीचे गाव मानणे, या दोन्ही चुका एकाच जातीच्या आहेत.

असो. आमच्या पुढच्या शैक्षणिक सहलीचे वेळापत्रक आम्ही आखले आहे आणि त्यात वार रविवारच धरला आहे. विद्यार्थ्यांना आणि आम्हांलाही तोच मोकळा आहे. फरक एवढाच की, निघण्यापूर्वी प्रत्येकाने त्या दिवसाची तिथी शोधून आणायची आहे, गुरुचरित्राचा विसावा अध्याय वाचून यायचे आहे, आणि वाडीला पोहोचल्यावर कोणा एका वयस्कर गावकऱ्याला विचारायचे आहे की, २००५ आणि २०१९ साली पाणी कोणत्या पायरीपर्यंत होते. पेढे त्यानंतर घेता येतील.