करुप्पूरचे वस्त्र आणि देवाचा रथ

तंजावरच्या भोसल्यांचा इतिहास धुंडाळताना अभ्यासक सरस्वती महालातील मोडी दफ्तरांकडे आणि बृहदीश्वर मंदिरातील १८०३ च्या मराठी शिलालेखाकडे वळतात. कागद आणि पाषाण यांची साक्ष मोलाची आहेच. परंतु या राजवटीने वस्त्रातही आपली खूण मागे ठेवली आहे.

कुंभकोणमजवळच्या कोडाली करुप्पूर गावी राजघराण्यासाठी विणल्या जाणाऱ्या साड्या व पागोटी ही ती खूण होय. तलम सुती पोतात मागावरच जरीची नक्षी गुंफीत. मग मेणाने आकृती राखून वस्त्र तांबड्या-काळ्या रंगांत रंगवीत. गडद रंगाआडून जर मंद झळके. विणकर आणि रंगारी या दोघांचे कसब एकाच वस्त्रात एकवटलेले असे.

याच परंपरेतील कलमकार देवळांसाठीही वस्त्रे रंगवीत. हिरड्याच्या रसात भिजविलेल्या कापडावर बांबूच्या कलमाने याळी, हंस, पोपट आणि देवदेवता रेखाटीत. काळा रंग लोखंडाच्या पाण्यातून सिद्ध होई. छत, तोरण आणि रथाला लोंबणारे नळकांड्याच्या आकाराचे 'तोंबै' अशी त्यांची रूपे. फ्रान्समध्ये लिआँच्या मागांवर चर्चसाठी रेशमी वस्त्रे विणली जात; तेथील मिरवणुकीतील पताकेचे आणि येथील तोंबैचे प्रयोजन फारसे भिन्न नव्हते. देव गाभाऱ्यातून लोकांत येतो, तेव्हा वस्त्रच त्याचे मंदिर होते.

१८५५ मध्ये दुसरे शिवाजीराजे पुरुष वारसाविना निवर्तले आणि कंपनी सरकारने राज्य खालसा केले. आश्रयदाता गेला, तशी करुप्पुरी साडीही मागावरून उतरली. पेटीत जपल्यामुळे तिचे नमुने संग्रहालयांपर्यंत पोहोचले. परंतु विणणारे हात राहिले नाहीत. देवळातील वस्त्राचे नेमके उलट झाले. ऊन, वारा आणि दिव्यांची काजळी यांनी ते झिजे, म्हणून पुन्हा नवे करावे लागे. त्या गरजेनेच कलम जिवंत राहिले. सिक्कनायकनपेट्टै येथे ही कला चालू राहिली आणि २०२१ मध्ये करुप्पूर कलमकारीला भौगोलिक मानांकन लाभले.

जे जपले गेले ते वस्तू म्हणून उरले. जे वापरात झिजले ते विद्या म्हणून उरले. तंजावरच्या मराठी वारशाचा विचार करताना दफ्तरांइतकाच हा धडाही ध्यानी घ्यावा लागेल.