वारली बोली व नामपरंपरा : शालेय अध्यापन (ठाणे जिल्हा)

ठाणे व पालघर जिल्हे, लगतचा दक्षिण गुजरात आणि दादरा-नगर हवेली येथील वारली जमातीची इंडो-आर्य बोली. स्वतंत्र लिपी नाही, लेखन मुख्यतः देवनागरीत. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला आणि डहाणू, तलासरी हे वारलीबहुल तालुके तिकडे गेले. ठाणे शहरात येऊरच्या पाड्यांवर वारली वस्ती आहे.

वर्गीकरण : भाषाशास्त्रज्ञ ग्रिअर्सन यांनी भारताच्या भाषा-सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात (१९०५) वारली मराठीखाली नोंदविली, २०११ च्या जनगणनेत ती भिली/भिलोडी गटात आहे. वाद मिटलेला नाही आणि त्याची झळ शाळेत पोहोचते. बोली मराठीचीच मानली, की मुलाला पाठ्यपुस्तकाची मराठी येते असे गृहीत धरले जाते. मग पहिलीतले पोर गप्प बसले, तर दोष भाषेच्या अंतराला न देता पोराला दिला जातो.

नामपरंपरा : जन्मवारावरून नाव ठेवण्याची रीत इतर आदिवासी जमातींप्रमाणे वारल्यांतही आढळते : सोम्या, मंगळ्या, बुध्या, शुकऱ्या, मुलींत सोमी, मंगळी, बुधी, शुकरी. जमातीच्या चालीरीतींसाठी के. जे. सावे यांचा ‘द वारलीज’ (१९४५) हा ग्रंथ महत्त्वाचा. पटावर नाव चढविताना ते ‘सुधारून’ लिहिणे ही मदत नव्हे. मुलाला घरी मारतात ती हाक त्यामुळे शाळेबाहेर राहते. चित्रकार जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, ती ‘जिव्या’ याच नावाने.

अध्यापन : ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला सुरू केलेले बालशिक्षणाचे काम १९५७ मध्ये कोसबाडला गेले. अंगणवाडी व गुरे राखणाऱ्या मुलांसाठीची कुरणशाळा हे त्यांचे प्रयोग. शाळेने मुलाच्या दारी जावे, हा त्यांचा मोठा धडा. मुलाच्या बोलीपर्यंत जाणे हे त्याच वाटेवरचे पुढचे पाऊल. लग्नविधी चालविणाऱ्या धवलेरीची गाणी ही वाचनपाठांसाठी तयार सामग्री आहे. संविधानाचा अनुच्छेद ३५०-क भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयी देण्यास सांगतो; शिक्षण हक्क कायदा (२००९) ‘शक्य तेथवर’ मातृभाषा म्हणतो.

प्रत्यक्षात मात्र राज्याच्या शालेय अभ्यासक्रमात वारली हा स्वतंत्र विषय नाही.